दर्शन घ्या, पुढे सरका

रोह्याजवळ वरसे गावात आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवीन राहायला आलं की विचारतं, "काका, कंपनीत तुम्ही काय होतात?" मी सांगतो, "अंधार करायचो." माणूस हसतो, मी वायरमन असेन असं मनाशी धरतो, आणि पुढे कधी लाईट गेली की माझं दार बडवतो. बेल वाजत नसते ना.

तर आधीच सांगतो, मी वायरमन नव्हतो. रोह्याच्या एमआयडीसीत माशांची नि कोळंबीची औषधं करणारी एक कंपनी आहे. तिच्या मागल्या अंगाला बिनखिडकीची एक खोली होती. त्या खोलीत नको तो उजेड येऊ द्यायचा नाही, हे माझं काम. हा अंक काढणाऱ्यांनी सांगितलं, "कामाबद्दल लिहा हसुरामदादा, पण सोपं लिहा." मी चौथी शिकलोय. अवघड लिहायचं म्हटलं तरी जमणार नाही.

खोलीत मायक्रोस्कोप होता. हे नाव तोंडात बसेना म्हणून मी त्याला दुर्बीण म्हणायचो. अनघा मॅडम म्हणाल्या, "काका, दुर्बीण लांबचं बघते. हे जवळचं बघतं." म्हटलं, "डोळ्याला दिसत नाय ते सगळं लांबच." मॅडमनी कपाळाला हात लावला. मग मी आपला मशीन म्हणायला लागलो.

मॅडम त्या खोलीच्या मालकीण. परदेशात शिकून आलेल्या, पण बोलायला आपल्यातल्या. त्यांचं काम असं, की जिताड्याचं अंडं घ्यायचं नि त्यात पिल्लू कसं घडतं ते बघायचं. जिताडा म्हणजे आमच्या पेणकडचा मासा. पाहुण्याच्या ताटात जिताडा वाढला की तो माणूस पुढची काही वर्षं तरी तुमच्याबद्दल वाईट बोलत नाही. त्याचं अंडं रव्याच्या कणाएवढं आणि काचेसारखं आरपार. रात्री घातलेल्या अंड्यात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काळीज धडधडायला लागतं. तेवढा वेळ टक लावून बघत बसायचं तर माणसाचे डोळे फुटतील. म्हणून मशीनला कॅमेरा जोडलेला. दर थोड्या मिनिटांनी तो एक फोटो काढतो. मग सगळे फोटो भराभर एकापुढे एक सोडले की दिवसभराचं घडणं चहा संपेपर्यंत बघून होतं. लग्नाच्या व्हिडिओत मांडव घालणारी माणसं तुरुतुरु पळताना दाखवतात ना, तसंच.

आता फोटो काढायचा तर उजेड पाहिजे, आणि सगळी गोम तिथेच. काळजाच्या जागी एक चमकणारा रंग सोडलेला असतो. त्याच्यावर निळा उजेड मारला की तो हिरवा पेटतो, बाकी सगळं काळं राहतं नि काळीज तेवढं दिसतं. पण उजेड पडेल तसा रंग थोडा थोडा विटतो. पेणला गणपतीच्या कारखान्यात एखादी मूर्ती उन्हात विसरली तर पितांबराचं काय होतं, ते ज्याने बघितलंय त्याला जास्त सांगायला नको. नुसता रंग विटला असता तरी चाललं असतं. तो उजेड आतल्या पिल्लालाही बाधतो. आधी ते वाकडं वाढतं, मग वाढायचंच थांबतं. म्हणजे बघायला गेलात तर मरतं, आणि न बघावं तर पगार कशाचा घेताय?

इलाज एकच. उजेड सतत ठेवायचा नाही. फोटोपुरता सोडायचा नि बंद. त्यासाठी दिव्याच्या तोंडाशी एक बारीक झडप असते, पापणी लवावी तशी उघडते-मिटते. मॅडमनी ती दाखवली तेव्हा मी म्हटलं, "ही तर उघाडी!"

"काय?"

"उघाडी. आमच्या खारेपाटात खाडीच्या बांधाला दार असतं ना, ते. माझा बाप मिठागरावर तेच करायचा. भरतीचं पाणी आगरात किती घ्यायचं नि दार कधी पाडायचं. जास्त घेतलं तर झालेलं मीठ विरघळतं, कमी घेतलं तर आगर कोरडं."

त्या दिवसापासून झडपेचं नाव उघाडी पडलं. मॅडम परदेशातल्या लोकांशी फोनवर फाडफाड इंग्रजी बोलायच्या, नि मधेच 'उघाडी' म्हणून जीभ चावायच्या.

उजेड मारतो हे मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पांढऱ्या मिठावरून उलटलेलं ऊन माझ्या बापाने जन्मभर डोळ्यांनी प्यायलं. म्हातारपणी मी समोर उभा राहिलो तरी विचारायचा, "कोन हाय?" डॉक्टर म्हणाला, आधीपासून काळा चष्मा लावायला हवा होता. मिठागरात बाप काळा चष्मा लावून गेला असता तर लोकांनी हिरो हिरो करून गाव सोडायला लावलं असतं. जाऊ दे.

दुसरा शब्द देवळातला. आमच्या गावात माघी उत्सवाला मी रांगेवर असायचो. गाभाऱ्यात माणूस शिरला की त्याला वाटतं देव आता आपल्या एकट्याचा. डोळे मिटतो, घरातल्या सगळ्यांची नावं घेतो, सुनेची तक्रार सांगतो. मागे रांग वेशीपर्यंत. मग आम्ही ओरडायचो, "दर्शन घ्या, पुढे सरका!" एकदा मॅडम उघाडीला किती वेळ द्यायचा यावर डोकं धरून बसल्या होत्या. मी दारातून म्हटलं, "उजेडाला सांगा मॅडम, दर्शन घ्या, पुढे सरका." झालं. दुसऱ्या दिवसापासून त्या एका फोटोला एक दर्शन म्हणायला लागल्या. "काका, दर्शन लहान करू का? दोन दर्शनांतलं अंतर वाढवू का?" देवळातल्यांनी ऐकलं असतं तर दोघांनाही पायरीवरून खाली ढकललं असतं.

आमची भांडणंही व्हायची. मी नेहमी कमी उजेडाच्या बाजूने. त्यांनी कमी केला की मी म्हणायचो, आणखी कमी करा. एकदा वैतागल्या.

"काका, आणखी कमी केला तर काहीच दिसणार नाही."

"नाय दिसलं तर नाय दिसलं. जगतील तर."

"मग अंडी तळ्यातच काय वाईट होती?"

याचं उत्तर मी अजूनही शोधतोय.

आतला उजेड मॅडमचा, बाहेरचा माझा, अशी वाटणी होती. दाराच्या आत काळा पडदा, त्याच्या आत अजून एक. दोन्ही पेणच्या टेलरकडून मी शिवून घेतले. एवढं काळं कापड बघून तो आवाज खाली आणून विचारत होता, "कोन गेला?" आत एक मिणमिणता लाल बल्ब, एवढाच काय तो उजेड. फोटो ज्या टीव्हीवर दिसायचे तो बाहेरच्या खोलीत. तरीही लोकांना आत शिरायचंच असायचं. बंद दार बघितलं की माणसाला काय होतं देव जाणे.

बेबीबाय झाडू मारायची. एकदा कानातलं पडलं म्हणून मोबाईलची बॅटरी पेटवून ती थेट मशीनखाली शिरली.

"बाहेर निघ गो आधी!"

"हसुरामदादा, सोन्याचं हाय!"

"आतली अंडी सोन्याहून महाग हायत."

"मंग आमलेट करून खा," म्हणाली नि पाय आपटत गेली. कानातलं नंतर तिच्या पदरातच अडकलेलं निघालं.

एक औषधविक्या आला. सभ्य माणूस. आत येऊन त्याने हात जोडले, "नमस्कार," नि त्याचं मनगट भकदिशी पेटलं. हात हलवला की उजळणारं घड्याळ! तेव्हापासून आत जाणाऱ्याचं घड्याळ नि मोबाईल मी माझ्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवून घ्यायला लागलो. डबा रोज घासलेला असायचा, पण सुकटीचा वास असा जात नाही. आत येणाऱ्यांची संख्या आपोआप घटली.

मग एक सेफ्टीवाला आला. नियमाप्रमाणे खोलीत बाहेर जायच्या वाटेचा हिरवा दिवा पाहिजेच, तो सतत पेटता पाहिजे. मॅडम म्हणाल्या, नको. तो म्हणाला, पाहिजे. दोघं इंग्रजीत भांडत होती तोवर मी दिवा दाराच्या बाहेरच्या अंगाला ठोकला. सेफ्टीवाला म्हणाला, "याचा काय उपयोग?" म्हटलं, "माणूस बाहेर पडला की त्याला कळंल ना, आपण बाहेर पडलो."

आता खंडेनवमीचं सांगतो. त्याच्यासाठीच लिहायला बसलोय.

मुंबईच्या मोठ्या साहेबांच्या मनात मशीन हैदराबादला हलवायचं होतं. रोह्यात ते वर्षभर चालतं नि दाखवायला काही नसतं, असं त्यांचं म्हणणं. मॅडम म्हणाल्या, "नवीन औषध दिलेल्या अंड्यात काळीज वेळेवर चालू होतं की नाही, ते मी एका सलग फिल्ममध्ये दाखवते. मग तरी मशीन इथे राहील?" साहेब म्हणाले, "दाखवा, मग बघू." म्हणजे फिल्म झाली नाही तर मशीन, मॅडम नि मी, तिघांचाही बाजार उठलाच.

त्या पावसाळ्यात दोन खेपा फुकट गेल्या. पहिल्या खेपेला उजेड जास्त झाला, पिल्लं वाकडी झाली. दुसऱ्या खेपेला मॅडमनी माझं ऐकून उजेड कमी केला, तर सगळी फिल्म काळी. ते माझ्यामुळे झालं असं त्या म्हणतात. मी मानत नाही. पिल्लं धडधाकट होती. दिसली नाहीत, हा कॅमेऱ्याचा दोष.

जिताडा अंडी घालतो ती पावसाळ्यात. हंगामाची शेवटची खेप आली ती नेमकी खंडेनवमीच्या सकाळी. आणि मोठे साहेबही त्याच दिवशी, कंपनीच्या मशीनपूजेला.

आमचे मॅनेजर मोकाशी साहेब फार देवभोळे. बॉयलरपासून झेरॉक्सपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू नि झेंडू. एका वर्षी त्यांनी वजनकाट्याला नारळ वाहिला, नि भक्तीच्या भरात काट्यावरच फोडला. पुढे महिनाभर कंपनीतला सगळा माल वजनात जास्त भरत होता.

त्या दिवशी अंडी सकाळीच मशीनवर चढवली होती. मॅडम बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर, मी दारात. दुपार व्हायला आली तशी घंटा ऐकू आली. पुढे गुरुजी, त्यांच्यामागे निरांजनाचं तबक घेतलेले मोकाशी साहेब, मागे मोठे साहेब नि मोबाईल वर धरलेले निम्मे कामगार.

"हसुराम, दार उघड. मायक्रोस्कोपची पूजा राहिली."

"आत काम चालू हाय, साहेब."

"पाच मिनिटं थांबव."

"अंडं थांबंल का?"

मॅडम उठून आल्या. त्यांनी नीट समजावलं. निरांजनाचा नि मोबाईलचा उजेड कॅमेऱ्यात जाईल, घंटेने मशीन हादरेल, कापराच्या धुराने काचेवर काजळी धरेल, आणि खेप शेवटची आहे. मोकाशी साहेब मान हलवत होते, पण ऐकत नव्हते.

"तुमचं सायन्स बरोबर आहे मॅडम, पण एक मशीन सोडून पूजा? अपशकुन कशाला? आजच्या दिवशी?"

आजच्या दिवशी म्हणताना त्यांनी मोठ्या साहेबांकडे बघितलं. मोठे साहेब म्हणाले, "उघडा ना. मलाही बघू दे आत एवढं काय आहे."

मॅडमचा चेहरा उतरला. मोठ्या साहेबांना नाही कोण म्हणणार? मोकाशी साहेबांनी तबक पुढे केलं, "हसुराम, बाजूला हो." आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"साहेब, मशीनला सोयर हाय."

घंटा थांबली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घरात मूल जन्मलं की सोयर लागतं, नि सोयर असलेल्या घरात दहा दिवस पूजा करत नाहीत. मॅडमचं सायन्स ज्यांच्या डोक्यावरून गेलं होतं, त्या सगळ्यांना हे एका दमात कळलं. मागच्या कामगारांनी मोबाईल खाली घेतले.

मोकाशी साहेबांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी म्हणाले, "माशाचं सोयर? गोत्र कोणतं?"

"खाडीचं असंल. पण अंडी मशीनच्या पोटात हायत. मग मशीन बाळंतिणीच्या जागी झालं का नाय?"

"पण सोयर जन्मानंतर लागतं," गुरुजी माणूस पक्का होता. "जन्म झालाय का?"

"होतोय."

"होतोय म्हणजे झालेला नाही. मग पूजा चालते."

"ऐकलंस?" मोकाशी साहेब पुढे सरकले.

"ऐकलं. पन आरती चालू असताना मधीच जन्म झाला तर?"

गुरुजींनी उपरणं सावरलं. मग हळूच म्हणाले, "मधे झाला तर पूजा अर्धवट राहते."

"मोठ्या साहेबांच्या हातून अर्धवट पूजा?" मी मोकाशी साहेबांना विचारलं. "चालंल?"

त्यांनी पुढे केलेलं तबक मागे घेतलं. मॅडमनी ओळखलं नि पटकन म्हणाल्या, "काळीज चालू झालं की जन्म धरू. टीव्हीवर दिसेलच. बसा ना सगळे."

आणि बसले. मोठे साहेब खुर्चीत, गुरुजी स्टुलावर, मोकाशी साहेब तबक मांडीवर घेऊन. कामगार बाहेरच्या पॅसेजमध्ये. बेबीबायने चहा आणला.

टीव्हीवर काळोखात एक हिरवट ठिपका. थोड्या वेळाने दुसरा फोटो आला, तोही तसाच. मोठ्या साहेबांचा धीर सुटला.

"मॅडम, हे सलग चालू ठेवा ना. मिनिटं मिनिटं थांबायचं म्हणजे काय?"

"सर, उजेड आत्ताच संपवला तर काळीज हलेल तेव्हा दाखवायला रंग उरणार नाही. दोन दर्शनांच्या मधे थांबावंच लागतं."

"दर्शनांच्या?"

"फोटोंच्या," मॅडम लाल झाल्या.

"मग काळीज चालू झालेलं कळणार कसं? फोटो तर एका जागी थांबलेला असतो."

हा प्रश्न शहाणा होता, कबूल करतो. मॅडम म्हणाल्या, कळेल. पण त्यांचाही आवाज बारीक झाला होता. फोटो येत राहिले. निरांजनातलं तूप संपलं नि ते आपणहून विझलं. कुणाचं लक्षही गेलं नाही. मोठ्या साहेबांनी मोबाईल खिशात टाकला. फोटो आला की सगळे पुढे वाकायचे, मग मागे टेकायचे. सासरची माणसं दवाखान्याच्या व्हरांड्यात बसतात, हुबेहूब तसे.

गुरुजींनी चष्मा काढला, उपरण्याला पुसला, परत लावला नि टीव्हीच्या अगदी जवळ गेले.

"मॅडम, हा फोटो तुमचा बिघडला. बाकी स्वच्छ आहे, पण इथे मधेच पुसट. ओल्या रंगावर बोट फिरवल्यासारखं."

मॅडम ताडकन उठल्या. "कुठे?"

"हे काय, इथे."

फोटो काढताना पोर हललं की त्याचं तोंड पुसट येतं, माहीत आहे ना? बाकी भिंत, खुर्ची, सगळं स्वच्छ. तसंच होतं ते. अख्ख्या अंड्यात एवढीच जागा हलली होती.

मॅडमनी उघाडीच्या बटणावर हात ठेवला, पण दाबलं नाही. माझ्याकडे बघितलं. आता उघाडी उघडी ठेवली तर काळीज धडधडताना दिसेल, पण उरलेला सगळा रंग त्यात जाईल. नंतर दुसरी संधी नाही. आणि ते काळीज नसून भलतंच काही असेल तर गेलं सगळं.

"काका, मोठं दर्शन देऊ?"

मी आयुष्यभर कमी करा, कमी करा म्हणत आलेला माणूस. पण इतक्या वेळचं ते बसणं बघितलं होतं. म्हटलं, "द्या मॅडम. रांग संपली."

उघाडी उघडली नि उघडीच राहिली. हिरवा ठिपका आधी नुसता दिसला. मग आकसला. थांबला. परत आकसला. तालात नव्हतं, नवशिक्याने ढोलकीवर हात मारावा तसं. मग जमलं त्याला. मोकाशी साहेबांनी दोन्ही हात जोडले नि मांडीवरचं तबक खाली पडलं. झेंडू सगळीकडे. उचलायला कुणी वाकलं नाही. हळूहळू रंग विटत गेला नि टीव्ही काळा झाला.

गुरुजींनी घंटा पिशवीत टाकली. "सोयर लागलं," म्हणाले. "चला."

फिल्म झाली. सुरुवातीपासून पहिल्या धडधडीपर्यंत सलग. मोठ्या साहेबांनी ती तिथेच उभ्याने परत परत बघितली. मॅडमचं तोंडभर कौतुक केलं. आणि दिवाळी झाली नि मशीन हैदराबादला गेलं.

साहेबांचं म्हणणं, एवढं सुंदर काम रोह्यातल्या मागच्या खोलीत लपवून कशाला ठेवायचं? हैदराबादला काचेची नवी इमारत आहे, येणारा-जाणारा बघेल. म्हणजे फिल्म झाली नसती तर नालायक म्हणून नेलं असतं, झाली म्हणून लायक ठरवून नेलं. मला राहवलं नाही. साहेब परत आले तेव्हा गाडीपाशी गाठून म्हटलं, "साहेब, फिल्म झाली तर मशीन इथं ऱ्हानार व्हतं."

"तसं कुठे म्हणालो होतो, हसुराम? बघू म्हणालो होतो."

आणि खरंच, तसंच म्हणाले होते. बघितलं, नि नेलं.

मॅडमनी मला सोबत बोलावलं होतं, पगारही वाढवून. मी नाही गेलो. हैदराबादच्या टेलरला माझा पडदा जमणार नाही, असं सांगितलं. खरं कारण ते नव्हतं, पण दुसरं कुणी विचारलंही नाही. मशीन खोक्यात भरलं त्या दिवशी दोन्ही पडदे घडी घालून मी त्यातच वर ठेवले. नंतर त्या खोलीला खिडकी पाडली. आता तिथे रिकामे ड्रम ठेवतात. रिटायर होईपर्यंत मी स्टोअरला होतो. उजेडात. सगळं दिसायचं, बघण्यासारखं काही नव्हतं.

मॅडमचा दसऱ्याला फोन येतो. तिथे चारी बाजूंनी काच. पहिली खेप मेली, मग त्यांनी भांडून काचांना काळा कागद चिकटवून घेतला नि दाराला माझे पडदे लावले. तरी पाहुणे घुसतातच. शेवटी त्यांनी दारावर पाटी लावली.

"काय लिवलंय?"

"दर्शन घ्या, पुढे सरका. मराठीतच."

"तिथं वाचनार कोन?"

"अर्ध्यांना वाचता येत नाही, ते बाहेर उभे राहून अर्थ विचारत बसतात. हिंदी येणारे 'दर्शन' वाचून चपला काढायला लागतात. तोवर आत एक फोटो होऊन जातो."

"नि खंडेनवमीला कुनी पूजेला आलं तर?"

मॅडम हसल्या. "आले होते ना यंदा, आरती घेऊन. सांगितलं, मशीनला सोयर आहे."

"किती दिवस?"

"मी आहे तोवर."